बसवलं की निजवलं

१

उदगिरातल्या त्या गल्लीत फोन एकच होता, आणि तो सिंधूच्या ढाळजेत, दारालगतच्या बैठकीत होता. तिचा नवरा व्यंकट मोंढ्यातल्या एका अडत दुकानाचा दिवाणजी. मालक हैदराबादेत राहायचा. त्याला रोज संध्याकाळी तुरीचा, ज्वारीचा भाव कळायला हवा, म्हणून त्यानंच स्वतःच्या खर्चानं ते काळं यंत्र दिवाणजीच्या घरी ठेवलं होतं. मालकाचा फोन दिवसातून एकदा यायचा. उरलेला दिवस फोन गल्लीचा, पण गल्लीच्या आधी सिंधूचा. कुणाला नातू झाला, कुणाची बदली लातूरला झाली, कुणाचा जावई पुण्यात दारू प्यायला लागला, हे ज्याचं त्याला कळायच्या आधी सिंधूला कळायचं. मग ती पदर सारखा करून निरोप द्यायला निघायची. तिच्या चालण्यावरूनच लोक ओळखायचे की बातमी गोड आहे का कडू.

बाई वाईट नव्हती. सातवी शिकलेली, मनानं मोकळी. कुणाचं बाळंतपण असो की मयत, सगळ्यांच्या आधी दारात. फक्त तिला राहवायचं नाही. झाकलेलं भांडं दिसलं की झाकण उचलून बघितल्याशिवाय तिचा हात खाली यायचा नाही.

तेव्हा जिल्हा नवा होता. लातूर वेगळं होऊन थोडीच वर्षं झालेली; लोक अर्जावर सवयीनं उस्मानाबाद लिहायचे आणि मग खोडायचे. जिल्हा नवा, पण आभाळ तेच. सलग दुसऱ्या साली पावसानं पाठ फिरवली होती. आड तळाला गेलेले, नळाला नुसती हवा. टँकरचा भोंगा वाजला की बायका असतील तशा उठून घागरी घेऊन पळायच्या.

सिंधूच्या शेजारी शरणम्मा राहायची. दोन घरांत भिंत एकच. साठीला आलेली, लिंगायताची, घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलणारी एकटी बाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. नवरा मडिवाळप्पा निजामाच्या पलटणीत होता. लग्नाला दोन सालं झाली नाहीत तोच पलटण मलायात गेली, जपान्यांनी तिथं सगळ्यांना धरलं, आणि पुढं काहीच कळलं नाही. मेला म्हणून कुणी सांगितलं नाही, म्हणून शरणम्मानं कुंकू पुसलं नाही. चाळीसच्या वर सालं ती अशी राहिली.

तिचा पुतण्या गुरुपादप्पा मेकॅनिक होता. एका कंपनीनं त्याला रस्त्याच्या कामावर त्याच मलायात धाडलं. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी तो काकाची जागा हुडकायचा. आपल्या घराण्यात कोण कुठं पुरलंय हे नातवंडांना सांगता यायला पाहिजे, असं तो म्हणायचा. शरणम्माला घराण्याचं काही नव्हतं. तिचा एकच प्रश्न होता. जाताना तिनं पुतण्याला तेवढाच बजावला होता, आणि फोन आला की दर वेळी तोच विचारायची.

"बसवलं का निजवलं, तेवढं बघ."

लिंगायतांत मेलेल्याला जाळत नाहीत, आडवंही पुरत नाहीत. खड्ड्याच्या एका अंगाला देवळी कोरून तीत मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात, आणि मग माती लोटतात. बसलेला माणूस शिवाजवळ गेला. निजवलेला कुठंच जात नाही, असं शरणम्मा म्हणायची. सिंधूच्या घरी जाळायची रीत, त्यामुळं तिला ह्याचं भारी नवल. खोदून खोदून विचारायची. एकदा म्हणाली, "पर मावशी, बसवल्यावर मान पडत न्हाई का हो?"

"जित्यापणी तुझी कुटं पडती, सिंधव्वा? दिवसभर तर तानून बघत असतीस लोकाच्या दारात."

दोघी पोट धरून हसल्या होत्या.

२

फोन आला तेव्हा भर दुपार होती आणि टँकर गल्लीच्या तोंडाशी उभा होता. सिंधूच्या घागरी भरून झाल्या होत्या. शरणम्मा अजून रांगेत होती, दारातून दिसत होती. एक हाक मारली असती तर आली असती.

ऑपरेटर बाई म्हणाली, मलेशियाहून आहे, धरून ठेवा. सिंधूनं दाराकडं बघितलं. म्हातारीचा नंबर जाईल, घागर रिकामी राहील, आपण ऐकून घेऊ आणि सांगू. असं तिनं स्वतःला समजावलं. खरं कारण तिला तेव्हाही ठाऊक होतं. चाळीस सालांची बातमी, आणि ती आधी आपल्या कानात पडणार.

गुरुपादप्पाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. त्यानं कोण बोलतंय हे विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. जागा सापडली, तो म्हणाला. रबराच्या मळ्यात. तिथल्या एका तमिळ म्हातारीनं दाखवली, तिनं पोरपणी डोळ्यांनी बघितलं होतं. पलटणीतले सहा जण एका जागी आहेत. मग तारेत वारा शिरल्यासारखी घरघर सुरू झाली. तिच्यातून तुटक शब्द आले.

"…काकाला… बसवलं…"

पुढं काहीतरी होतं. घरघरीच्या आत, एक छोटासा शब्द. 'न्हाई' असेल. 'हाय' असेल. किंवा नुसता तारेचा आवाज. सिंधू ओरडली, "काय म्हणलात?" पण फोन मेला होता.

रिसीव्हर ठेवून वळते तो दारात शरणम्मा. काखेत घागर, पदर ओला, आणि तोंडावर असं काही की सिंधूनं ते कधी बघितलं नव्हतं. कुणीतरी तिला रांगेत सांगितलं असणार की घंटी वाजली.

"गुरुपादचा व्हता?"

नीट ऐकू आलं नाही, असं म्हणायला काय जात होतं. पण मग मला का नाही बोलावलंस, हा पुढचा प्रश्न होता. सिंधू त्या घागरीकडं बघत म्हणाली, "सापडली जागा, मावशी. बसवलंय त्यांना."

शरणम्मानं घागर खाली ठेवली. एवढ्या टंचाईत ती कलंडली, पाणी ढाळजेतून उंबऱ्यापर्यंत गेलं, आणि दोघींपैकी कुणीही ती उचलली नाही.

३

आठवड्यानं मठातून जंगम आले. शरणम्मानं कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या, कपाळाला विभूती लावली. मनगटावर बांगड्यांच्या जागी पांढरी वळं उमटलेली होती, ती गल्लीतल्या पोरी वाकून बघायच्या. म्हातारी रडली नाही. उलट तिची तब्येत भरली. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, माझ्या मालकाला नीट बसवलंय, परमुलखात असून बसवलंय. आणि सिंधूकडं हात करायची. "हिच्या तोंडून ऐकलं मी. हिचं तोंड गोड हुईल."

सिंधूला मग घरात काहीतरी काम आठवायचं.

ती स्वतःशी वाद घालायची. बसवलं हा शब्द तर आला होता. तो खोटा नव्हता. त्याच्या पुढं काय होतं कुणाला ठाऊक? आणि असलं तरी, चाळीस सालांनी कुणाचं काय बसायचं, काय निजायचं. म्हातारीला झोप लागते ना आता? मग.

त्याच दिवसांत भिंत ओली झाली.

मधली भिंत, ढाळजेतली. फोनचं स्टूल जिला लागून होतं तीच. खाली जमिनीलगत एक लांबोडका डाग. पहिल्यांदा वाटलं, शरणम्माचा रांजण पाझरत असेल. सिंधू जाऊन बघून आली. त्या अंगाला रांजण नव्हता, काहीच नव्हतं. भिंत तापून भाकरीच्या तव्यासारखी कोरडी. व्यंकटनं बोट लावून बघितलं, वास घेतला, आणि म्हणाला, "लोकं चार मैलावरून पाणी आणून राहिले आन् तुझ्या भिंतीला घाम सुटतो." त्याला त्याचं एवढंच वाटलं. पण सिंधूनंही वास घेतला होता. आपल्या मातीचा नव्हता तो. पाला कुजून कुजून तळाशी बसतो, वर कधी ऊन पडत नाही, तिथला होता.

डाग एका टोकाला गोल होता. दुसऱ्या टोकाला निमुळता. लांबी माणसाएवढी.

तिनं तांदळाची गोणी ओढून त्याच्या पुढं ठेवली.

४

आवाज दुपारचा यायचा. जेवणं झाली, गल्ली लवंडली, कुत्रीसुद्धा गटारीच्या सावलीला गेली की भिंतीतून यायचा. खसर... खसर... काहीतरी भिंतीला पाठ घासत वर सरकतंय. मग थांबायचं. मग सुळकन खाली, आणि शेवटी मऊ धप्प.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. मोंढ्यात हमाल अर्धं भरलेलं पोतं भिंतीला टेकवून उभं करायला बघतात, तेव्हा असा येतो. भरलेलं पोतं उभं राहतं. अर्धं असलं की कंबरेत मुडपून घसरतं. हमाल शिवी देतो आणि परत उचलतो.

घुशी असतील, ती म्हणाली. मांजर असेल. पण घूस थकत नाही. ह्या आवाजात थकवा होता. आणि गोणी बाजूला सारून बघितलं तेव्हा डागाचं गोल टोक जमिनीपासून वीतभर वर आलेलं होतं, उशीवरून कुणी डोकं उचलावं तसं.

दुसरा फोन त्या दिवशी आला. ह्या वेळी तार स्वच्छ होती. गुरुपादप्पाचा श्वाससुद्धा कळत होता.

"काकूला द्या."

शरणम्मा शेजारी तिच्या ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. दारातून दिसत होती.

"पडून हायत त्या," सिंधू म्हणाली. "अंगात ताप हाय. मला सांगा, मी सांगते."

मग त्यानं विचारलं की मागच्या बारीचं काकूनं कसं सोसलं. बसवलं न्हाई म्हणल्यावर ती काय म्हणाली.

सिंधूनं स्टुलाची कड धरली.

जपान्यांनी वेळच दिला नाही, तो सांगत राहिला. एक चर खणून सहाही जण आडवे टाकले, एकावर एक. काका सगळ्यात खाली. पण आता तिथून रस्ता जाणार आहे, सोमवारी यंत्रं लागणार. त्यानं साहेबाशी बोलणं केलं होतं. काकूनं हाव म्हटलं तर आधी ती जागा हातानं उघडून, जे काही सापडेल ते तो बाजूच्या टेकाडावर रीतीनं बसवणार होता. जंगम मिळणार नाही, पण विभूती त्यानं जवळ ठेवली होती. मात्र हात लावायचा तर बायकोच्या शब्दानं. त्याच्या मनानं तो लावणार नव्हता.

"तेवढं इचारून या," तो म्हणाला. "मी धरून हाय."

सिंधूनं रिसीव्हर स्टुलावर आडवा ठेवला आणि उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. एवढंच सांगायचं होतं की मावशी, मी खोटं बोलले. ऊन मी म्हणत होतं. म्हातारीनं सूप मांडीवर घेऊन वर बघितलं. विभूती लावलेलं ते कपाळ, त्याच्यावर आता आठी म्हणून नव्हती.

"कुणाचा गं?"

"मालकाचा," सिंधू म्हणाली. "भाव इचारून राहिलेत."

ती परत आत गेली. रिसीव्हर उचलला तो तळहाताला गार आणि ओलसर लागला.

"काकू म्हणतात, राहू द्या. आता नका उकरू."



"काकू असं म्हणली?"

"हाव."

५

सोमवार गेला. मंगळवारी डाग वाढला. गोणी भिजली, आतल्या तांदळाला वास लागला. सिंधूनं ते गुपचूप गाईला घातले, तर गाईनं तोंड लावलं नाही. व्यंकट म्हणाला, गवंडी बोलावतो. तिनं नको म्हटलं.

तिचं बाहेर बसणं सुटलं. कुणी फोनला आलं तर स्टूल दाराशी ओढून द्यायची आणि आपण चुलीपाशी जायची. बायकांना वाटलं, बाईचं काहीतरी दुखतंय.

मग एका दुपारी भिंतीतून खसर आली, आणि तिच्याबरोबर शरणम्माचा आवाज. ती कुणाशी तरी हळू बोलत होती. लेकराला समजवावं तसं, पण आदरानं.

"कूड्री… कूड्री…"

त्या घरी पाहुणा आला की म्हातारी हेच म्हणायची. बसा. बसा ना.

पाठोपाठ घसरण, आणि मऊ धप्प. आणि म्हातारीचा धापा टाकत घेतलेला श्वास.

सिंधू उठली. आपण बघायला जात नाही, असं ती स्वतःला सांगत होती. म्हातारी पडली असेल तर उचलायला जातोय. शरणम्माचं दार नुसतं लोटलेलं होतं. उन्हातून आत आल्यावर डोळ्यांपुढं काळं पडलं, आणि आधी फक्त वास आला, भिंतीतला तोच. मग छताच्या झरोक्यातून पडलेला उन्हाचा कवडसा दिसला, आणि त्यात शरणम्माची पाठ. ती मधल्या भिंतीशी गुडघ्यांवर बसली होती आणि दोन्ही हातांनी काहीतरी खाली दाबून धरत होती. त्याच्यावर घोंगडी होती. घोंगडीतून पाणी निथळत होतं. जमिनीवरून ते सावकाश दाराकडं येत होतं.

घोंगडीच्या अलीकडच्या टोकाला दोन तळवे होते.

पांढरेफटक. धुणं धुऊन बोटं होतात तसे सुरकुतलेले. बोटं वर, टाचा खाली. म्हणजे आडवं निजलेल्या माणसाचे. सिंधू बघत असताना ते हलले. मागं ओढले गेले, घोंगडीखाली गुडघे उचलले, दुमडायला लागले, थरथरले. आणि हातातून निसटल्यासारखे परत सरळ झाले.

"आलीस का, सिंधव्वा?" म्हातारी मागं न बघता म्हणाली. "मांडी पडंना गेली गं. एकटीला जमंना. तू पायाकडून धर."

आता तरी बोलावं, सिंधूला वाटलं. एकच वाक्य. तिनं तोंड उघडलं. "मावशी, त्यांना तिथं आडवंच…"

"ठाव हाय."

"कुणी… गुरुपादनं?"

"गुरुपाद कशाला सांगल? ज्याचं त्यानं सांगितलं." शरणम्मानं कपाळावरचा घाम खांद्याला पुसला. विभूती फिसकटली. "तू राहू द्या म्हणलीस, ते बी सांगितलं. सगळं ऐकू येतं म्हणं त्यास्नी, तारेतून."

त्या आवाजात राग असता तर सिंधूनं पाय धरले असते, रडली असती, मोकळी झाली असती. राग नव्हता. थकलेली बाई शेजारणीला पोतं उचलू लाग म्हणते तसाच तो आवाज होता.

"धर की. आमी काय खातो का तुला?"

सिंधू पुढं झाली, वाकली, आणि घोंगडीवरून गुडघे धरले. भिजलेल्या लाकडासारखे जड, आणि त्याच्या आत काहीतरी ढिलं. दोघींनी मिळून लावलं. एक पाय मुडपला. दुसरा मुडपायला लागला. भिंतीला पाठ घासत सरकल्याचा आवाज आला, ह्या वेळी अगदी जवळून, वर, आणखी वर. ती मान खाली घालून होती. सगळ्या गल्लीच्या घरात डोकावलेली बाई, पण आता तिला समोर बघवेना. तिला एवढंच कळत होतं की घोंगडी वरच्या अंगानं गळून खाली येतेय, आणि बसलेल्या माणसाचं तोंड जिथं यायला पाहिजे तिथं काहीतरी आलंय. तिच्या डोक्याच्या अगदी समोर. आणि ते तिच्याकडं बघतंय. कुणी उंबऱ्यात उभं राहून मालकाचा फोन म्हणालं, हे ज्याला ठाऊक आहे असं.

तिचे हात सुटले.

सुळकन. धप्प.

पाणी सिंधूच्या टाचेपर्यंत आलं. मग शरणम्मानं घोंगडी सारखी केली, डोक्याकडून आधी, मग पायाकडून.

"असू दे," ती म्हणाली. "परत धर."

६

सिंधू आता रोज जाते. व्यंकट मोंढ्यात गेला, गल्ली लवंडली, की ती शरणम्माचं दार लोटते आणि आतून कडी लावते. उन्हं उतरायच्या आधी परत येते. फोन वाजला तर वाजू देते. गुरुपादप्पाचा पुन्हा आलाही असेल.

परवा बाहेर पडताना समोरची धुरपताबाई ओट्यावर वाती वळत बसलेली होती. गल्लीत तीन दिवस टँकर नव्हता. लोक खरकटी भांडी राखेनं घासत होते. धुरपताबाईनं सिंधूचे हात बघितले. कोपरापर्यंत ओले, पाणी बोटांवरून ठिबकत होतं.

"पानी कुटून आलं गं?"

सिंधूनं हात पदराखाली घेतले.

"म्हातारीला आंगूळ घातली," ती म्हणाली. "ठिवलं व्हतं जरासं घरात."

धुरपताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आत सुनेला हाक मारली, ये आणि बघ म्हणाली, शेजार म्हणजे काय असतं ते. स्वतःच्या तोंडचं पाणी दुसऱ्याच्या म्हातारीवर ओतणारी बाई ह्या दुष्काळात दाखव मला कुठं. सून दारात आली. आणखी दोघी आल्या. सगळ्या सिंधूकडं बघत उभ्या राहिल्या. पदराखालून पाणी ठिबकत होतं. धुरपताबाई पुढं झाली, आणि सिंधूला मागं सरायला वेळ मिळायच्या आत तिनं ते दोन्ही ओले हात आपल्या हातांत घेऊन डोळ्यांना लावले.

"पुण्य लागंल तुला, बाई," ती म्हणाली. मग डोळे उघडून तिनं स्वतःच्या तळहातांचा वास घेतला, आणि पुन्हा घेतला, आणि सिंधूकडं बघितलं.